न हलणारे अडीचशे व्होल्ट

प्रभुदासला झालेली गोष्ट विसरता येत नसे. फौजेत तो वायरलेस सेट दुरुस्त करायचा, तिथं या स्वभावाला चिकाटी म्हणत. घरी त्याची बायको मरियम त्यालाच डूख धरणं म्हणायची.

पेन्शन घेऊन तो सोनईपासून आत असलेल्या आपल्या वस्तीवर परतला आणि रस्त्याकडेला दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्त करायचे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायच्या आणि लग्नाकार्याला स्वतः बांधलेला अँप्लिफायर व दोन कर्णे लावायचे, हा त्याचा धंदा. वस्तीला लागून सूर्यभानचा ऊस होता. प्रभुदासचा बाप सूर्यभानच्या वडिलांकडे सालगडी होता, पण प्रभुदास त्या घराच्या ओट्यासमोर कधी वाकला नाही. सूर्यभानला ते खुपायचं. तरी मोटार जळाली की त्याचा गडी ती प्रभुदासकडेच आणायचा, कारण जवळपास मोटार भरणारा दुसरा कोणी नव्हता.

सत्तर सालच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, चर्चसमोरच्या मंडपात मरियमचं कीर्तन होतं. आमच्याकडच्या ख्रिस्ती वस्त्यांना कीर्तन नवं नाही. पेटी, तबला, चिपळ्या, पूर्वरंग, आख्यान, सगळं असतं. त्या वर्षी मरियमने आख्यान स्वतः रचलं होतं. तिची पणजी बायडाबाई पाटलाच्या विहिरीवर मडकं घेऊन दिवसभर उभी राहायची. विहिरीला हात लावायचा नाही, कोणी वरून ओतेल तेवढंच पाणी. हा पाटील म्हणजे सूर्यभानचा पणजोबा. नाव न घेताही ते सगळ्यांना ठाऊक होतं.

बायडाबाई विहिरीपाशी पोचली आणि मंडपातले दिवे मंदावले. वस्ती आणि सूर्यभानची शेती एकाच ट्रान्सफॉर्मरवर होती, आणि त्याने आपल्या दोन्ही विहिरींवरच्या मोटारी एकदम चालू केल्या होत्या. कर्ण्यातून मरियमच्या आवाजाऐवजी भुर्र-भुर्र यायला लागलं. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं.

"परभ्या," सूर्यभान बांधावरून ओरडला, "बायकूनं बेडूक गिळला का रं?"

सगळा मंडप हसत सुटला. मरियमने चिपळ्या खाली ठेवल्या आणि ती घरी निघून गेली. त्यानंतर ती दळतानासुद्धा गायली नाही.

लोकांनी प्रभुदासला सल्ला दिला, पुढच्या वेळी बॅटरीवर चालव.

"मंग त्यो म्हनंल, भ्याला माज्या मोटारीला," प्रभुदास म्हणाला. "न्हाई. त्यानं पाडलेल्या इजेवरच गाईल ती."

दोष कुठे आहे हे त्याला माहीत होतं. माईकमधला बारीक आवाज आधी प्री-अँपच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, दोन वॉल्व्हमधून, काचेच्या नळ्यांमधून जातो. तिथला विजेचा दाब पडला की आवाज फाटतो, आणि पुढचा अँप्लिफायर ते फाटकंच मोठं करून गावाला ऐकवतो. म्हणजे बाहेर काहीही होवो, त्या दोन वॉल्व्हना अडीचशे व्होल्ट मिळालेच पाहिजेत.

त्याने जे बांधलं ते पाटाच्या पाण्यासारखं होतं. एक दणकट वॉल्व्ह विजेच्या वाटेत, पाटाच्या दारासारखा. दुसरा छोटा वॉल्व्ह दारं धरणाऱ्या माणसासारखा: पलीकडे कमी पडलं की दार उघडायचं, जास्त झालं की दाबायचं. आणि किती म्हणजे बरोबर हे त्या माणसाला कळावं म्हणून एक वायूची नळी. ती जांभळी पेटते आणि स्वतःवरचा दाब हलू देत नाही. ती त्याने नगरला लष्करी भंगारातून शोधून आणली.

पहिल्या खेपेला दणकट वॉल्व्ह आत ठिणगी उडून गेला. त्याची बत्ती, म्हणजे आतली तापणारी तार, बाकीच्यांच्याच तारेवर होती आणि तो तर अडीचशे व्होल्ट उंचीवर बसलेला. प्रभुदासने त्याच्या बत्तीला अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवर वेगळा वेढा दिला. मग कळलं, वरूनच कमी आलं तर दार सताड उघडून उपयोग नाही. त्याने ट्रान्सफॉर्मर सोडून पुन्हा गुंडाळला, गरजेच्या जवळजवळ दुप्पट दाब येईल असा. एरवी जास्तीचा दाब वॉल्व्हवर उष्णता होऊन जायचा. अँप्लिफायरची पेटी भाकरीच्या तव्यासारखी तापायची. बाकीच्या बत्त्यांसाठी त्याने एक खिट्टी बसवली, दिवे मंदावले की हाताने एक घर पुढे सरकवायची, म्हणजे त्यांना मिळणारी वीज वाढायची.

एकाहत्तरचा नाताळ जवळ आला, तेव्हा त्याने मरियमपुढे चिपळ्या ठेवल्या.

"म्या न्हाई गानार. त्यानं पुन्ना मोटार लावली तर?"

"लावलीच पायजे त्यानं."

मरियमला खोच कळली. कमी दाबावर मोटार जास्त वीज ओढते आणि तापते. स्टार्टर तेवढ्यासाठीच उडतो, आपोआप वीज तोडतो. पण पाणी थांबू नये म्हणून आमच्याकडे सगळेच स्टार्टरमध्ये लाकडाची खुंटी ठोकून ठेवतात. सूर्यभाननेही ठोकली होती.

"किती येळ गायाचं?" तिने विचारलं.

"त्याची मोटार जळस्तोवर."

तिने चिपळ्या उचलल्या.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, आख्यानात बायडाबाई विहिरीपाशी पोचली आणि दिवे लाल झाले. लोकांनी हसायची तयारीच ठेवली होती. प्रभुदासने खिट्टी सरकवली. जांभळी नळी हलली नाही. कर्ण्याचा आवाज जरा बसला, पण फाटला नाही. मरियमचा शब्द न् शब्द बांधापर्यंत जात होता. मागच्या साली हसू फुटल्यावर सूर्यभानने मोटारी बंद केल्या होत्या. या वेळी कोणी हसेना. त्याने भावाच्या विहिरीवरची तिसरीही चालू केली.

प्रभुदासने मरियमकडे बघून मान हलवली. तिने आख्यानातल्या पाटलाला जेवायला बसवलं.

एकेक पदार्थ पानात पडू लागला. आमटी, भात, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. बायडाबाई उन्हात उभीच. लोक हसायला लागले, पण पाटलाला.

"अवं बाई," पुढे बसलेला एक म्हातारा ओरडला, "पानी घाला की आता त्या माउलीला!"

"दम धरा मामा. पाटलाचं ताक ऱ्हायलंय अजून."

ताक झालं. विडा झाला. पाटलाने ढेकर दिली. बांधाकडून मोटारीतल्या जळक्या वार्निशचा वास आला आणि मंडपातले दिवे एकदम उजळले. एवढ्या उसळीतही कर्णा किंचाळला नाही.

"आन पानी पडलं मडक्यात!" मरियम म्हणाली, आणि तिने अभंगाला हात घातला.

दुसऱ्या दिवशी सूर्यभानचा गडी बैलगाडीतून मोटार घेऊन आला. आतली तार काळी कोळसा झाली होती. प्रभुदासने ती सगळी उपसून काढली आणि नवी भरायला घेतली, चांगल्या तांब्याची, प्रत्येक वेढा घट्ट बसवून.

मरियम दारातून बघत होती. "त्याचीच मोटार, आन इतकी मजबूत भरताय?"

"पुढच्या नाताळापस्तोर टिकाया नको?"

"मंग मी पाटलाला पुरनपोळी वाढते."