पिवळी बत्ती
मोहाची फुलं सुकायला लागली की त्यांचा गोडसर आंबूस वास येतो आणि मला सालेकशाकडचं ते सबस्टेशन आठवतं. वीस वर्षं मी तिथं पॅनेलांमध्ये तांब्याच्या तारा ओढल्या होत्या. लाइनवर नजर ठेवणाऱ्या एका रिलेला बिघाड दिसला की वीज तोडणारा ब्रेकर पाडायचा निरोप त्या तारांमधूनच दुसऱ्या रिलेला जायचा. त्या दुपारी नवी आलेली इंजिनिअर पोरगी लॅपटॉपवर बसून तेच काम एका बारीक केबलवर आणत होती आणि आमचे साहेब तिच्या खुर्चीमागे कौतुकानं उभे होते. माझ्यामागे ते असे कधीच उभे राहिले नव्हते. तिचा निरोप निघत होता, पण ब्रेकर ढिम्म हलेना. तिनं तीनदा सगळं तपासलं, घामाघूम झाली. मी मागं पॅनेलापाशी उभा होतो, मला कारण केव्हाच दिसलं होतं. पाठवणारा रिले टेस्ट मोडमध्येच राहिला होता, त्याची पिवळी बत्ती पेटलेली होती, आणि तसा निरोप समोरचा रिले खरा धरत नाही. साहेबांसमोर तिची आणखी फजिती व्हावी म्हणून मी गप्प बसलो. शेवटी पाणी घेऊन आलेला म्हातारा ऑपरेटरच म्हणाला, "मॅडम, ते पिवळी बत्ती काऊन जळून राहिली जी?" तिनं कपाळाला हात लावला, टेस्ट मोड काढून निरोप पुन्हा सोडला, आणि बाहेर यार्डात ब्रेकर धाडकन पडला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही मागं होते ना, म्हणून मी घाबरली नाही." दर दिवाळीला तिचा फोन येतो, अजून सरच म्हणते. ती बत्ती आधी मी पाहिली होती, एवढं सांगायला माझी जीभ रेटत नाही.