ऑटोवरचा कटर

आमच्या ह्यांनी कुरकुंभची नोकरी सोडून सुतारकाम करायचं ठरवलं तेव्हा मी एकच अट घातली. जेवढी बोटं घेऊन शेडमध्ये जाल तेवढीच घेऊन जेवायला यायचं. माझ्या माहेरी, शिरूरला, आमच्या आळीत लाकडाची वखार होती. तिथल्या मिस्त्रींची दोन बोटं कटरनं नेलेली. ते घरी चहाला आले की कपबशी कशी धरतात हेच मी लहानपणी टकामका बघत बसायचे, आणि आई मला आतून डोळे वटारायची. त्यामुळे कटर म्हटलं की मला आधी ती कपबशीच दिसते.

आणि मशीन आलं ते नेमकं शिरूरहूनच. टेबलाच्या मधोमध फटीतून अर्धं वर आलेलं दातेरी गोल पातं, खाली मोटार. पिकअपमध्ये घालून न्हावऱ्यावरून ह्यांनी ते आमच्या गावी, कासुर्डीला आणलं आणि नवी नवरी उतरवावी तसं हळूच शेडमध्ये उतरवलं. माझ्या वेळी एवढी काळजी घेतल्याचं मला काही आठवत नाही.

मग मी मागेच लागले. चारी पाय जमिनीत बोल्टनं आवळून घेतले. पात्यावरचं झाकण, ज्याला हे गार्ड म्हणतात, ते "कामात आडवं येतंय" म्हणून काढायला निघाले होते. म्हटलं, काढा, पण मग भाकरी स्वतः थापून खा. झाकण राहिलं. सैल बाही पात्यात ओढली जाते असं कळल्यावर मी ह्यांच्या सगळ्या फुल शर्टांच्या बाह्या कोपरावर कापल्या, लग्नातला शर्टसुद्धा सोडला नाही. त्यावरून दोन दिवस अबोला होता. बरं वाटलं.

मोटार होती थ्री फेजची. तिला शेतीच्या लायनीवर जोडायची कल्पना ह्यांनी काढली आणि मी तिथंच मोडली. रीतसर मीटर घेतलं. अर्थिंगला खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं, आणि तिथली माती ओली ठेवायची म्हणून मी रोज त्यात तांब्याभर पाणी ओतायला लागले. शेजारीण एकदा म्हणाली, "काय लावलंय गं तिथं?" मी म्हटलं, "नवरा."

पहिल्यांदा बटण दाबलं तर पातं उलटं फिरायला लागलं. मी किंचाळले. हे शांतपणे म्हणाले, "दोन वायरींची अदलाबदल केली की झालं." झालं म्हणे! पण खरंच झालं.

एवढं सगळं राखलं, आणि घोळ झाला तो स्टार्टरच्या पेटीत. विहिरीवर सोलर पंप बसला तसा तिथला जुना स्टार्टर रिकामा पडला होता. चांगला चालू आहे, नवा कशाला घ्यायचा, म्हणून ह्यांनी तोच कटरला जोडला. मलाही ते पटलं. त्या पेटीत ऑटो होता. आमच्याकडं ज्यांच्या ज्यांच्या विहिरीवर मोटार आहे त्यांना ऑटो सांगायला नको. लाईट कवा येईल त्याचा नेम नाही, म्हणून ऑटोची कळ वर करून ठेवायची. लाईट आली की मोटार आपली आपण चालू होते. माझ्या सासऱ्यांना, आबांना, त्या कळीचं भारी कौतुक. तिच्यामुळं त्यांचं अंधारात विंचूकाट्यातून विहिरीवर जाणं सुटलं होतं. पण पाण्याच्या मोटारीला जे चालतं ते कटरला कसं चालेल, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

खंडेनवमीला कटरची पहिली पूजा होती. सकाळपासून लाईट नव्हती. हे नारळ घेऊन उभे, हळदकुंकवाचं ताट स्टुलावर. पूजेसाठी गार्ड वर केलेलं. आबांनी झेंडूचा हार पात्याला घातला आणि भंडारा लावायला पात्यावर वाकले.

एवढ्यात वरचा बल्ब लागला.

"आली बया!" हे खूश होऊन म्हणाले. माझी नजर मात्र पेटीवर गेली. ऑटोची कळ वर होती. लाईट आल्यावर ऑटो जरा दम खातो आणि मग मोटार उचलतो. तेवढाच काय तो वेळ होता. मी आबांना मागून मिठी मारून ओढलं, आणि आम्ही दोघं भुशात आपटलो. खट्! पातं घोंगावत फिरलं, हाराच्या चिंध्या झाल्या, सगळ्या शेडभर झेंडू. ह्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

मग माझं तोंड सुटलं. "माणूस हाय का कोण तुम्ही? बापाचा हात गेला आसता आत्ता! कुणी सांगितलं ऑटो करायला?"

"अगं, म्या न्हाई केला!"

"मग काय भुतानं केला? खोटं बोलायला लाज न्हाई वाटत?" आणखी बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हे नारळ हातात धरून ऐकत होते.

"म्याच केल्ता गं," आबा म्हणाले. ते अजून भुशातच बसले होते. "सकाळी लाईट गेली तवा. म्हनलं, आली की आपली चालू व्हईल. पोराला हेलपाटा नको."

माझ्या तोंडात अजून तासाभराचं भांडण शिल्लक होतं, ते सगळं गिळलं. ह्यांनी नारळ खाली ठेवला, पक्कड घेतली आणि तो ऑटो पेटीतून मुळासकट उपटून काढला.

"पूजा राह्यली की मशीनची," आबा हळूच म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. ताट खाली घेतलं, त्यांच्यापुढं बसले आणि त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर ओढला. एकेका बोटाला हळद लावली, कुंकू लावलं. अंगठ्याशी आले आणि मला रडूच फुटलं. आबांनी दुसरा हातही पुढं केला.