त्यांचे रिकामे घर आणि माझा माळा

गुढीपाडवा: समोरच्या सद्गृहस्थांनी गुढी उभारण्यासाठी माझी शिडी नेली. अक्षय्य तृतीया: पाहुण्यांच्या आमरसासाठी माझे मोठे पातेले नेले. पर्यावरण दिन: कमीत कमी वस्तूंत जगणारे आदर्श कुटुंब म्हणून आमच्या सोसायटीने त्यांनाच शाल व श्रीफळ दिले. कोजागरी: ज्या घटनेमुळे हे लिहिणे भाग पडले, ती घटना. जबाबदार व्यक्ती तीन. पहिले समोरचे सद्गृहस्थ, दुसरे सोसायटीचे सचिव, तिसरी माझी पत्नी. तिच्याविषयी क्रमाने येईल.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामगार कायद्याचे काम पाहण्यात माझी सारी नोकरी सरली. आरोप केला की पुरावा द्यावा, ही सवय तिथली. माझा पुरावा कोपरीपासून सुरू होतो.

कोपरीच्या चाळीत आमच्या मजल्याला एकच मोठे पितळी पातेले होते आणि ते माझ्या आईच्या ताब्यात असे. बारसे असो वा सत्यनारायण, ते दारोदार फिरे. परत येताना मात्र रिकामे येत नसे. तळाशी थोडा शिरा, निदान दोन केळी असत. आपणही असे पातेले घ्यावे, असे कोणाच्या मनात आले नाही. याला पर्यावरण म्हणतात हे आम्हांला ठाऊक नव्हते; पण पातेले सांभाळणाऱ्या घराला मान असतो, हे प्रत्येकाला ठाऊक होते. चाळ पाडली तेव्हा पातेले, शिडी आणि घडीच्या खुर्च्या ठेवून घ्यायला कोणी पुढे येईना. मी त्या वस्तू डोंबिवलीला, मानपाड्याच्या या घरात आणल्या. माळा त्यांनीच भरला.

समोरचे सद्गृहस्थ निवृत्तीनंतर इथे राहायला आले आणि दोन वर्षांत त्यांनी घर रिकामे केले. सोफा गेला, शोकेस गेली, पाहुण्यांची भांडी गेली. दिवाणखान्यात एक चटई आणि पाण्याचा माठ एवढेच उरले. लागेल ते आमच्याकडून नेत. भांडे परत करताना लख्ख घासलेले असे, पण रिकामे. पत्नीला त्यात गैर दिसले नाही. मला दिसले.

सत्काराचा कार्यक्रम त्यांच्याच दिवाणखान्यात ठेवण्याची कल्पना सचिवांची. तिथे बसायला काही नव्हते, म्हणून आदल्या संध्याकाळी सचिव माझ्याकडे खुर्च्या मागायला आले. मी दिल्या. दुसऱ्या दिवशी सगळी सोसायटी माझ्या खुर्च्यांवर बसून त्यांच्या खुर्च्या नसण्याचे कौतुक करत होती. सद्गृहस्थ हात जोडून म्हणाले की वस्तू कमी केल्या की माणसे जवळ येतात. टाळ्या झाल्या. सर्वांत आधी हात उचलले ते माझ्या पत्नीने.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी समोर जाऊ लागली. तिचे गुडघे दुखतात. आमच्या घरात ती जमिनीवर बसल्याला कित्येक वर्षे झाली. एकदा दार उघडे होते म्हणून मला दिसले. ती त्यांच्या चटईवर मांडी घालून, भिंतीला टेकून, सद्गृहस्थांच्या पत्नीशी मोकळेपणी हसत होती. सद्गृहस्थ माठातले पाणी पुढे करत म्हणत होते, "बसा वहिनी, इथे काही हलवावं लागत नाही."

मी घरी तिला विचारले, तिथे असे काय आहे? ती म्हणाली, "काही नाही, तेच तर. आपल्याकडे टेकायचं म्हटलं तरी आधी काहीतरी उचलावं लागतं."

कोजागरीला गच्चीवर सगळ्या सोसायटीचे दूध दरवर्षी माझ्याच पातेल्यात आटते. यंदा ते मागायला सद्गृहस्थ आले, तेव्हा मी स्पष्ट सांगितले की पातेले मिळणार नाही. का, असे ते विचारतील आणि मग मी सगळे बोलेन, अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, "बरं साहेब," आणि निघून गेले. कोजागरीच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या नावाने स्टीलचे कोरे करकरीत पातेले आले. खरेदीला सचिवांबरोबर सद्गृहस्थ स्वतः गेले होते.

मी गच्चीवर गेलो नाही. सकाळी पत्नीने माझ्यासाठी राखून आणलेले दूध पुढे ठेवले. केशर, वेलची, सर्व यथास्थित होते. मी म्हणालो, कमी वस्तूंचा पुरस्कार घेणाऱ्यानेच इमारतीत एक वस्तू वाढवली, हे तुला दिसत नाही का? तिने पेला माझ्याकडे सरकवला. "अहो, मागायला आले होते ना ते? नाही कोण म्हणालं?"

हा युक्तिवाद मला मान्य नाही. नकार देणाऱ्याला कारण विचारणे हे मागणाऱ्याचे कर्तव्य आहे. चाळीत कोणी नाही म्हटले असते, तर सगळा मजला दारात येऊन बसला असता. आता इमारतीत दोन पातेली आहेत. एक सोसायटीच्या खोलीत कुलूपबंद आहे. दुसरे माळ्यावर पालथे आहे आणि ते मागायला कोणी येणार नाही. संध्याकाळी पत्नी समोर जाते, तेव्हा मी त्या माळ्याखाली बसलेला असतो.

सचिवांना मी लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर मला नको. समोरच्या सद्गृहस्थांनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, सर्व सभासदांसमोर उभे राहून उत्तर द्यावे. चाळीचे पातेले माळ्यावर असताना नवे का आणले? मला दुसऱ्यांदा का विचारले नाही? आणि ज्या गुडघ्यांना माझ्या घरातली जमीन सोसत नाही, त्यांना तुमची चटई कशी सोसते?