उचल की त्याला!

कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत चंद्रव्वाइतका मोबाईलवरचा लढाईचा खेळ कळणारी दुसरी बाई नसेल. सुपाच्या कडेला मोबाईल टेकवून ती विड्या वळत बसते. हात आपले चालू, डोळे मोबाईलवर. तिचा पोरगा गुरुराज हैदराबादच्या एका संघाकडून तो खेळ खेळतो, तोही पगार घेऊन. खेळायला पगार देणारं कुणी असतं, हे तिला पहिले सहा महिने पटलंच नव्हतं.

पहिल्यांदा गुरुराजचा खेळातला गडी गोळी लागून गुडघ्यावर पडला, तेव्हा बाईनं सूप लोटून हंबरडाच फोडला. शेजारची उत्कर्षा धावत आली.

"काकी, मेला न्हाय वं त्यो! नुसता पडलाय. सोबतचा येऊन उचलतोय, बघा की."

आणि खरंच, संघातला एक जण गोळ्या चुकवत आला, शेजारी बसला, आणि गुरुराज उभा! तेव्हापासून तिला नादच लागला. कुणी का जिंकेना, पडलेल्याला कोण उचलतं तेवढं बघायचं. नवरा गेला तेव्हा तिच्याजवळ असं कुणी बसलं नव्हतं.

पण आता गुरुराजला घर सोडून अकरा महिने झाले होते, आणि तिला खेळ नको, पोरगा हवा होता. स्पर्धेचा अंतिम सामना हरले तर सगळ्यांना सुट्टी, गुरुराज दिवाळीला घरी. जिंकले तर तिकडूनच परदेशात खेळायला, चार महिने. चंद्रव्वानं देवापुढं हात जोडले खरे, पण मागितलं काय ते उत्कर्षालाही सांगितलं नाही. आई असून पोराच्या हरण्यावर टपलेली! तिची तिलाच लाज वाटत होती.

रविवारी दुपारी सामना रंगला. मैदानात उतरलेल्या सगळ्या संघांतले शेवटी दोनच उरले आणि गुरुराज पडला. त्याचा एकच सोबती शिल्लक होता, तो भिंतीआड दडलेला. तो आला नाही तर सगळं संपलं, पोरगं परवा घरी. चंद्रव्वाचे हात थांबले. गुरुराज गुडघ्यांवर रांगत होता आणि कुणीच येत नव्हतं.

"आरं, उचल की त्याला! बघतोस काय, उचल!" ती अशी ओरडली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

सोबती आला. त्यानं उचललं. मिनिटभरात ते जिंकलेसुद्धा.

तासाभरानं फोन वाजला. "अव्वा, बघितलंस का?"

"व्हय, बघितलं की."

"आता दिवाळीला जमणार न्हाय गं."

"ठावं हाय मला. तुला उचललं त्यो कुणाचा रं? त्याच्या आईला माझा नमस्कार सांग."

मागं पोरं गुरुराजच्या नावानं गलका करत होती. त्याला फोन ठेवावा लागला.

उत्कर्षा पेढे आणायला गेली. चंद्रव्वानं सामना पुन्हा लावला आणि बोटानं मागं मागं नेला, गुरुराज पडला होता तिथवर. तेवढा वेळ पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं खरंखुरं तोंड दाखवलं होतं, घामेजलेलं, कुणीतरी येईल म्हणून वाट बघणारं. सोबती भिंतीआडून निघायच्या आत तिनं सामना थांबवला.