नऊ नंबरची दाढी

गंगाखेडच्या बसस्टँडवर, पाण्याच्या नळाशी, एक धोतरवाला दाढी करत होता आणि मी गाडी सोडून त्याच्याकडे बघत उभा! कारण त्याचा रेझर. त्याच्या वडिलांनी हैदराबादेहून आणलेला, हातात वजन जाणवेल असा. मुठीवरची चकती फिरवली की आकड्यागणिक पातं थोडं थोडं बाहेर येई.

"बाजाराला तीन, लग्नाला पाच," तो फेसातून म्हणाला. "आज नऊ!"

"अहो, कापेल ना!"

"कापू द्या की. बायको रुसून पोखर्णीला म्हायेरी बसलीय. माझ्यासंगं बोलायची न्हाई. पर रगत बघून गप बसायची बी न्हाई!"

त्यानं तिजोरी उघडावी तशी ऐटीत चकती फिरवली. हनुवटीवर लाल रेघ उमटली आणि स्वारी खुशीत पोखर्णीच्या गाडीत चढली.

संध्याकाळी परतीच्या गाडीत दोघं माझ्यासमोरच! त्याच्या हनुवटीवर हळदीचा थर, आणि बाई अखंड बोलतेय, "दाढी करायले व्हते का बकरं कापायले व्हते? लय शाणे!"

तो कीर्तन ऐकावं तसा तल्लीन. ती श्वास घ्यायला थांबली, की हा हळूच हनुवटी चाचपून "आई गं" म्हणे, आणि ती पुन्हा सुरू होई.