सावलीला नर्सबाई आहे काय?

आमच्या घरात सरकारला प्रश्न विचारणारे एक होते आणि सरकारतर्फे उत्तरं लिहिणारे एक, आणि दोघांची पानं मी एकाच पंगतीला वाढत असे. प्रश्न विचारणारे म्हणजे माझे सासरे, मामंजी. वकिली आटोपती घेऊन ते बडोद्याच्या धारासभेचे सभासद झाले होते. सयाजीराव महाराजांनी ही सभा काढली, तिच्यात सभासदाने आधी नोटीस देऊन लेखी प्रश्न विचारायचा आणि सरकारने त्याला लेखी उत्तर द्यायचं, अशी सोय होती. उत्तरं लिहिणारे म्हणजे आमचे हे. ते दवाखान्यांच्या खात्यात कामाला होते. दवाखान्याबद्दल प्रश्न आला की उत्तराचा कच्चा मसुदा यांच्याच टेबलावर तयार व्हायचा. त्यावर साहेब खाडाखोड करायचे आणि मग तो वर जायचा.

त्यामुळे घरात एक नियम होता. उंबरठ्याच्या आत बापलेकांनी सभेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मुलाकडून खात्याची बातमी काढून प्रश्न विचारला असं कुणी म्हटलं असतं, तर मामंजींनी त्याच दिवशी राजीनामा दिला असता. आणि बापाचा प्रश्न म्हणून उत्तर मऊ लिहिलं असं कुणी म्हटलं असतं, तर यांना जेवण गेलं नसतं. दोघेही नियमाचे इतके पक्के की मला कधी कधी दोघांच्या डोक्यावर वरण ओतावंसं वाटे.

मामंजी प्रश्न मात्र मोठ्याने रचायचे. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आमच्या घराच्या माजघरात झोपाळा होता, त्यावर बसून, पायाने झोका देत, ते गुजरातीत वाक्यं घोळवत. सभेचं कामकाज गुजरातीत चालायचं ना. पोळीतला नळ, पोळीतला कंदील, गटारावरची फरशी, वाचनालयात बायकांसाठी वेगळी वेळ, कशावर म्हणून त्यांनी प्रश्न विचारला नव्हता! प्रश्नाची ठेवणही ठरलेली. अमुक आहे काय? नसल्यास का नाही? आणि कधी होईल? सासूबाई त्यांची फार थट्टा करायच्या. आमटी वाढताना म्हणायच्या, "आमटीत मीठ आहे काय? नसल्यास का नाही? सभासदांनी खुलासा करावा." मामंजी गंभीरपणे चव घेऊन सांगायचे, "आहे. पण कमी आहे." त्या घरात मी सुखात होते. आज मागे वळून बघताना ते आधी सांगून टाकावंसं वाटतं, कारण पुढे जी भीती सांगणार आहे ती त्या सुखाच्या पोटातच बसली होती.

माझं माहेर सावलीचं, संस्थानातलंच तालुक्याचं गाव ते. वडील तिथे शाळामास्तर. माझ्या लग्नानंतर वर्षभराने माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला सावलीला आली आणि बाळंत होऊन त्याच दिवशी गेली. रक्त थांबलं नाही. गावच्या सुईणीने तिला येत होतं ते सगळं केलं. दवाखान्यात डॉक्टर होते, पण बायका बाळंतपणाला पुरुष डॉक्टरला आत घेत नसत, आणि ज्या नर्सबाईला घेतलं असतं तिची खुर्ची रिकामी होती. ताईमागोमाग तिचं मूलही गेलं. मला घेऊन मामंजीच सावलीला आले होते. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "दैव, पोरी, दुसरं काय." सगळे तेच म्हणत होते. मीही तेच म्हणत होते.

पुढे मला दिवस गेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत पुढ्यात येऊन उभी राहिली. बडोद्यात मोठा दवाखाना होता, शिकलेल्या बायका होत्या. सासूबाईंनीच एकदा हळूच सुचवलं, "इथेच राहतेस का गं?" मी हो म्हणणार होते. तेवढ्यात आईचा निरोप आला. तिने कधी नव्हे ते कळवलं होतं की, धाकटीला माझ्याकडे पाठवा, नाही म्हणू नका. मला कळलं. थोरली या घरात गेली म्हणून धाकटी आलीच नाही, असं गावाने एकदा म्हटलं असतं की आईचं घर कायमचं डागलं असतं. आई त्या खोलीत पुन्हा एकदा पाळणा हलायची वाट बघत होती, आणि मला त्या खोलीची धडकी भरली होती. जाणार हे ठरलं. आता सावलीला नर्सबाई असणार की नाही, एवढाच प्रश्न उरला.

सासूबाईंना तो फार सोपा वाटला. "अहो, आपल्या लेकाचे साहेब फतेगंजला राहतात. एक दिवस जाऊन या, दोन शब्द टाका. सूनबाई जायच्या आधी बाई हजर होईल."

मामंजी झोपाळ्यावरून उठूनच उभे राहिले. "सभासदाने साहेबाच्या दारात सुनेचं काम घेऊन जायचं? त्यापेक्षा मी सभा सोडतो. विचारायचं ते सभेत विचारीन."

आणि त्यांनी विचारलंही. पण कसं, तर सावलीचं नाव सुनेचं माहेर म्हणून गाळून. संस्थानातल्या सर्व तालुक्यांच्या दवाखान्यांत नर्सबाईची जागा मंजूर आहे काय, असा भला मोठा, ऐसपैस प्रश्न. आपला स्वार्थ दिसू नये म्हणून त्यांनी तो इतका रुंद केला की त्यातून खातं आरामात बैलगाडी घेऊन बाहेर पडलं. उत्तर आलं, "होय. मंजूर आहे."

जागा मंजूर होतीच. जागेवर बाई नव्हती, पण ते त्यांनी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी दोघे एकाच पंगतीला जेवायला बसले. जन्मभर साक्षीदारांना पेचात धरणारा वकील स्वतःच्याच प्रश्नात अडकला होता, आणि ते उत्तर ज्याने लिहिलं तो समोर बसून भाताची मुदही न मोडता पानाकडे बघत होता. यांना सगळं ठाऊक होतं. सावलीची खुर्ची रिकामी आहे, बायको तिथे जाणार आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर "होय" हेच आहे. मला दोघांचाही राग आला. प्रामाणिकपणाचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

मी ताक वाढायचं थांबवलं. सासऱ्यांशी वर मान करून बोलायची रीत नव्हती, पण बोलले. "मामंजी, सावलीचं नाव का नाही घातलंत?"

"तुझं माहेर ते. लोक म्हणतील, सभासद घरची कामं काढून घेतो."

"माझं माहेर आहे म्हणून सावली तालुक्याचं गाव राहिलं नाही का? तिथे काय मी एकटीच बाळंत होणार आहे?"

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. मामंजींनी आपोष्णी घेतली, उठले, आणि त्या दिवशी दुपारभर झोपाळा हलला नाही. तिन्हीसांजेला दिवे लागल्यावर झोपाळ्याची कुरकुर सुरू झाली आणि पाठोपाठ त्यांचा आवाज. सावलीच्या दवाखान्यात आज नर्सबाई प्रत्यक्ष हजर आहे काय? नसल्यास कधीपासून नाही? का नाही? मी स्वयंपाकघरात पोळी तव्यावर टाकून तशीच उभी होते. पोळी करपली. सासूबाई रागावल्या नाहीत.

नोटीस गेली. पण सभा वर्षातून एखाददोनदाच भरायची, आणि पोटातलं मूल काही सभेचं कामकाज बघून वाढत नाही. पुढची बैठक होती ती नेमकी माझे दिवस भरायच्या सुमाराला. उत्तर "नाही" असं आलं असतं, मग खुलासा, मग तजवीज, तोवर माझं जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. डोहाळजेवण उरकून सातव्यात मी सावलीला गेले. निघताना हे नुसतं म्हणाले, "जपून राहा." मला वाटलं, एवढंच? पण नियम म्हणजे नियम.

सावलीला आईने तीच खोली सारवून ठेवली होती. खिडकी घट्ट लावलेली, वारा लागू नये म्हणून. मी दिवसा तिथे बसे आणि रात्री ओसरीवर आईला बिलगून निजे. आई काही विचारत नसे. दोघींनाही एकच भीती होती, आणि आम्ही ती एकमेकींपासून लपवत होतो.

मग एके दिवशी वडील शाळेतून आले ते पायातल्या वहाणाही न काढता आत. "दवाखान्यात नर्सबाई आली! आजच रुजू झाली!"

मला खोटं वाटलं. सभा तर अजून भरलीच नव्हती.

ती पेटलादकडची गुजराती बाई होती, काळीसावळी, धिप्पाड, तोंडाने फटकळ. दुसऱ्याच दिवशी मला बघायला आली, खोलीभर नजर फिरवली आणि पहिल्याप्रथम खिडकी सताड उघडली. आई म्हणाली, "अहो, वारा लागेल." बाई म्हणाल्या, "लागवा दो ने, बेन! हवा ए तो दवा छे." लागू द्या की, हवा म्हणजेच औषध, हे आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. पण गावच्या सुईणीला त्यांनी घालवलं नाही, उलट जवळ बसवून घेतलं. माझे दिवस भरले तेव्हा दोघी मिळून होत्या.

मुलगी झाली, भर सकाळी, खिडकीतून ऊन आलेलं असताना. आणि त्यानंतर ताईचं झालं होतं तेच सुरू झालं. मला ग्लानी येत होती. दारात उभ्या असलेल्या आईचा चेहरा मी पाहिला, आणि तिने तो चेहरा त्या खोलीत आधी एकदा केला होता हे मला समजलं. नर्सबाईंनी पदर खोचला. आपला जाड हात माझ्या पोटावर ठेवला आणि दाबून, चोळून, दाबून, रक्त थांबेपर्यंत काढला नाही. मग घाम पुसत आईला म्हणाल्या, "हवे चा पिवडावो. मने." आता चहा पाजा, मला. आई चहा करायला गेली आणि चुलीपुढे बसून हमसाहमशी रडली. मी जगले. इतकं सरळ सांगून टाकते, कारण त्यानंतर माझं जे काही बरं झालं ते त्या हातामुळे.

बारशाला बडोद्याहून सगळे आले. तेव्हा उलगडा झाला. सासूबाईंनीच यांच्याकडून तो वदवून घेतला होता. मामंजींचा प्रश्न खात्यात आला तेव्हा यांनी सावलीहून माहिती मागवली आणि मसुदा केला. "तजवीज चालू आहे" असं लिहायची खात्याची जुनी सवय. यांनी लिहिलं, "नाही." एकच शब्द. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. सभेपुढे महाराजांच्या सरकारने असं उत्तर द्यायचं म्हणजे नाक कापून घेणं. त्यांनी सही केली नाही. तिथली नर्सबाई सावलीला पाठवा, असा पेटलादकडे हुकूम पाठवला आणि म्हणाले, बाई रुजू झाल्याचं कळलं की उत्तर बदला. सभेत उत्तर वाचलं गेलं, "होय, हजर आहे." पुढचे उपप्रश्न घेऊन तयारीत असलेले मामंजी तसेच खाली बसले. हे सांगताना सासूबाई हसून लोटपोट झाल्या. मी यांच्याकडे पाहिलं. हे पाळण्याची दोरी नीट करत होते, जणू ती फार गुंतली होती.

जेवणं झाल्यावर मामंजी ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. नर्सबाई साडीचोळी घ्यायला आल्या आणि बोलू लागल्या. पेटलादला त्यांची चांगली खोली होती, शेजारपाजार होता, तुळस होती. "कोई मेंबरे सवाल पूछ्यो, ने मने अहीं फेंकी दीधी!" कुण्या सभासदाला प्रश्न विचारायची हुक्की आली आणि मला इथे आणून टाकलं, असं त्या त्याच सभासदाला तावातावाने सांगत होत्या. आणि इथे राहायला जागा तरी दिली का? दवाखान्याच्या कोपऱ्यात पडदा लावून राहायचं? मामंजी सगळं ऐकून घेत राहिले. आम्ही आत पदर तोंडात कोंबून हसत होतो.

नर्सबाई गेल्या आणि आई दाराशी आली. व्याह्यांशी ती नेहमी दाराआडूनच बोलायची, तशीच बोलली. "व्याहीबुवा, एक विचारते. माझ्या थोरलीच्या वेळी कुणी असं विचारलं असतं, तर?"

आमचं हसणं जागच्या जागी थांबलं. मामंजी पोरीच्या मुठीकडे बघत होते. "तेव्हाही मी सभासद होतो, विहीणबाई," ते म्हणाले. "इथून परत गेलो आणि पोळीच्या कंदिलांवर प्रश्न लिहिला. हा विचारायचा प्रश्न आहे, हेच मला सुचलं नाही."

 आईने रागवावं असं मला वाटलं, रडावं असंही वाटलं. मग दाराआडून तिचा आवाज आला, घरात कामं सांगते तसा.

"आता सुचलंय ना. मग या बाईंच्या खोलीचं विचारा. आणि त्यांना इकडे आणलं तर पेटलादकडच्या बायकांचं काय झालं, तेही विचारा. विचाराल ना?"

मामंजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "होय."