करी रोडचे तात्या

मुंबईत फणसवाडीतल्या सुधीरकडे चार दिवस राहायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची सायकल काढली आणि आतल्या गल्ल्यांतून लालबाग गाठायचं ठरवलं. सुधीर म्हणाला, "मेन रोड सोडू नकोस." मी अर्थातच सोडला.

भायखळ्यापर्यंत ठीक चाललं होतं. चिंचपोकळीचा पूल उतरल्यावर मात्र दिशाच फिरल्या. कुठून तरी मिरच्या कुटल्याचा तिखट वास आला, म्हणजे लालबागचं मसाला मार्केट जवळच असणार; पण वासाच्या मागे गेलो तर समोर भिंत. भिंतीपलीकडे चाळीसेक मजली टॉवर, अलीकडे वाळत घातलेल्या गोधड्या. मोबाइलवरचा निळा ठिपका मी रुळांवर उभा असल्याचं सांगत होता.

तेवढ्यात करी रोडच्या एका वळणावर एक म्हातारे गृहस्थ दिसले. पायजमा, बनियन, हातात बेकरीतल्या बटरचा पुडा. मी लालबागची वाट विचारली.

"खंय, मार्केटात? चल माझ्यावांगडा (माझ्याबरोबर)," ते म्हणाले आणि सायकलच्या कॅरिअरवर हात ठेवून चालूही लागले. नाव विचारलं तर म्हणाले, "तात्या म्हण."

तात्या झपझप चालत होते. "हय नळ आसा, थंयसून (तिथून) उजवीकडे." नळ नव्हता, गाड्या तळघरात उतरायचा उतार होता. तरी आम्ही उजवीकडे वळलो. मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. एक सलून तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा मी थांबलो.

"तात्या, तुमचं घर कुठं?"

त्यांनी वर पाहिलं, मागे पाहिलं. "तू माका इचारलंस म्हणान माका वाटला, माका म्हायत आसा." (तू मला विचारलंस म्हणून मला वाटलं, मला माहीत आहे.)

दोघांपैकी कुणालाच काही माहीत नव्हतं. तात्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी नाही, फोन नाही. शेवटी पुड्यावरचं बेकरीचं नाव सलूनवाल्याला दाखवलं. बेकरी दोन गल्ल्या सोडून होती. तिथला माणूस ओरडलाच, "अरे, यांची सून कधीची शोधतेय!" त्याने लगेच फोन लावला.

ती धापा टाकत आली. ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच लटकत होतं. "कुठे घेऊन चालला होतात यांना?"

"मी... म्हणजे मीच यांच्या मागून..." मी सांगू लागलो.

तात्या मध्ये पडले. "ओरडा नको गे. हो वाट चुकलो. ह्येका मी रस्तो दाखवतंय." (ओरडू नको गं. हा वाट चुकला. याला मी रस्ता दाखवतोय.)

तिने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. मग तिने तात्यांचा हात हातात घेतला. "बरं केलंत, बाबा. आता ते जातील. आपण चहा घेऊ."

मेन रोड कुठे, हे तिनेच जाता जाता मला हळूच सांगितलं. लालबाग काही पाहिलं नाही. सरळ फणसवाडीत परतलो.

"काय मग, चुकलास ना?" सुधीर हसत होता. मीही हसत हसत सांगायला सुरुवात केली. परक्या गावात वाट चुकणं ही घरी येऊन सांगायची गंमत असते. पण सलूनपर्यंत आलो आणि पुढे कसं सांगावं, ते कळेना. तात्या तर त्यांच्याच गल्लीत चुकले होते.